दोर मोकळा, गाडी चालू

गाठोबा,

तुझ्या कंपनीने तुझ्यावर पुस्तिका काढली आहे. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सूर्यास्त आणि सूर्यास्तासमोर कड्यावर उभा असलेला एक माणूस. तो माणूस तू नाहीस. तुझं पोट एवढं आत कधीच नव्हतं. पहिलंच वाक्य आहे, 'तो डोंगरांचा पुत्र होता.' तुझ्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं, आणि ते केस किती वाईट कापायचे हे आपल्या गल्लीतल्या दोन पिढ्या आरशात बघून सांगतील. शेवटी लिहिलंय की तू 'डोंगराच्या कुशीत विसावलास'. तू गेल्या महिन्यात भर दुपारी गॅरेजमधल्या एक हात तुटलेल्या खुर्चीत विसावलास, मांडीवर उसवलेला पट्टा आणि तोंडात सुई धरून. सुई तुझ्या बायकोने काढली.

काल तुझी बायको ती पुस्तिका घेऊन आली आणि माझ्या टेबलावर आपटून म्हणाली, "बाई, हा कोण? यात माझा नवरा कुठे आहे?"

मी चाळून बघितली. म्हटलं, "पान चारवर डावीकडे एक कोपर दिसतंय. ते त्याचं असावं."

"थट्टा पुरे. तुम्ही कॉलेजात शिकवायचात. तुम्ही लिहा खरं काय ते."

मी भूगोल शिकवायचे, माणसं नव्हे. पण जिवंतपणी तू स्वतःबद्दल भरपूर थापा मारून ठेवल्या आहेस. त्यात परक्यांनी भर घालायची गरज नाही. म्हणून तुलाच लिहिते. इतरांना वाचायचं असेल तर माझी हरकत नाही.

तू माझ्या वर्गात दोन वर्षं होतास, दोन्ही वर्षं एकाच वर्गात. भरती-ओहोटीची कारणं लिहा, या प्रश्नाला तू उत्तर लिहिलं होतंस, 'समुद्राला एका जागी बसवत नाही.' मी शून्य दिलं. तुलाही एका जागी बसवेना, म्हणून कॉलेज सोडून तू उंच इमारती रंगवायला लागलास. दोन दोर, एक फळी आणि रंगाची बादली. चार वर्षांनी आमच्याच कॉलेजची इमारत रंगवायला आलास आणि नेमका माझ्या तासाला तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकलास. मी वाऱ्यांचे प्रकार शिकवत होते. तू काचेवर बोट वाजवून म्हणालास, "बाई, आता कळतंय तुम्ही काय सांगता ते." वर्ग हसला. मीही हसले असते, पण माझ्याकडे बघत बघत तू चौकटीऐवजी अर्धी काच रंगवून ठेवली होतीस. ती पुढे नऊ वर्षं तशीच होती. मुलं तिला 'ढगाळ हवामान' म्हणायची.

बारा वर्षं लटकून तुझी पाठ गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता दोरावर लटकायचं नाही. मग तू माणसांना लटकवायचं ठरवलंस. बंद पडलेलं टायरचं गॅरेज घेतलंस, मेहुण्याची मिनीबस घेतलीस, मेहुण्यासकट, आणि माझ्या दारात येऊन उभा राहिलास. "बाई, जाहिरात लिहून द्या. पाच दिवस. डोंगर, समुद्र आणि स्थानिक जीवन."

मी विचारलं, "डोंगर आहे. समुद्र आहे. स्थानिक जीवन कुठून आणणार?"

"बघू. काहीतरी असेल की."

आपल्याकडे बघण्यासारखं काय आहे? पाण्याची टाकी, तिला लावलेला जिना आणि त्या जिन्यावर चढू नये अशी पाटी. तरीही मी जाहिरात लिहून दिली. माझा अर्धा दोष तिथेच.

गॅरेज मात्र तू छान लावलं होतंस. एका भिंतीवर खिळ्यांना हेल्मेटं, प्रत्येकावर आकडा. दुसऱ्या भिंतीवर कमरेचे पट्टे, तुझ्या बायकोने मशीनवर दुहेरी टीप घालून शिवलेले. कोपऱ्यात वल्ही. सगळ्याला टायरच्या रबराचा वास, जो पाहुण्यांना 'साहसाचा' वाटायचा. आणि दाराशी तो दोर. रंगकामातला जुना, सुती, जागोजागी निळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा. त्यावर माणसं टांगायची नव्हती, मोजायची होती. सकाळी निघताना प्रत्येकाने त्यात स्वतःच्या हाताने एक गाठ मारायची. डोंगरावरून किंवा पाण्यातून परत आलं की ज्याने त्याने आपली गाठ सोडायची. एक जरी गाठ उरली तरी गाडी हलायची नाही. मेहुणा आरशातून विचारायचा, "दोर मोकळा?" तू म्हणायचास, "मोकळा." तो म्हणायचा, "मग गाडी चालू." यादी नाही, हजेरी नाही, शिट्टी नाही. गाठोबा हे नाव त्यावरूनच पडलं, आणि इतकं चिकटलं की वीज कंपनीचं बिलसुद्धा त्याच नावाने यायला लागलं.

"तू स्वतः गाठ का मारत नाहीस?" मी एकदा विचारलं होतं.

"मी कशाला? मी हरवलेल्यांना शोधणारा. मी हरवलो तर शोधायचं कुणी?"

हा युक्तिवाद तुझ्या उत्तरपत्रिकेच्याच दर्जाचा होता. पण त्याला इथे कुणी शून्य दिलं नाही.

स्थानिक जीवनाचा प्रश्न तुझ्या बायकोने सोडवला, तेही नकळत. पहिल्या तुकडीला दाखवायला काही सापडेना, म्हणून तू त्यांना सरळ घरी नेलंस. शिवणाच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या मांडल्यास. ती मशीनवर बसली होती. तू उत्साहाच्या भरात सांगायला लागलास, ही बघा, आमची बायको, ही पट्टे शिवते. तिने मान वर न करता विचारलं, "अहो, माझी कात्री कुठे आहे?" तू म्हणालास, मला काय माहीत. त्यानंतर वीस मिनिटं ती कात्री, तुझ्या आईची कात्री, लग्नातली कात्री, हरवलेल्या सगळ्या वस्तू आणि तुझं एकूण आयुष्य यांचा हिशेब झाला. कात्री तुझ्याच खिशातून निघाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जाताना एका गृहस्थांनी तुझ्या बायकोचा हात हातात घेऊन सांगितलं की संपूर्ण सहलीतला हा सर्वोत्तम भाग होता.

त्यानंतर दर पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता तुमचं भांडण व्हायचं. ठरलेली वाक्यं, ठरलेली कात्री, तुझ्या उजव्या खिशात. तुझी बायको मला म्हणायची, "बाई, आता खरं भांडायला वेळच मिळत नाही."

असं सहा वर्षं चाललं. मग ही पुस्तिका काढणाऱ्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं. त्यांना या किनाऱ्यावर एक माणूस हवा होता, वर्षभर त्यांचे पाहुणे फिरवणारा. एक मॅडम येऊन स्वतः पाच दिवस फिरतील, लिहून घेतील आणि ठरवतील. तू त्या दिवशी माझ्याकडे आलास तेव्हा बसला नाहीस. म्हणालास, "बाई, हे जमलं नाही तर गॅरेज बंद. मेहुण्याची गाडी आता तीन वर्षंही टिकायची नाही. मग मी परत फळीवर." तुझ्या पाठीला फळीवर एक दिवसही बसवलं नसतं, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. तू फक्त म्हणालास, "तुम्ही चला. मॅडमसमोर एक शिकलेलं माणूस हवं. मधूनमधून काहीतरी अवघड बोला."

मी सहासष्ट वर्षांची होते. गुडघे कुरकुरत होते. तरी गेले.

आम्ही आठ जण. मॅडम, एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, निवृत्त झालेले दोन भाऊ जे एकमेकांशी बोलत नव्हते, एक नवं जोडपं जे फक्त एकमेकांशीच बोलत होतं, आणि मी. मॅडम बारीक, टापटीप, हातात पेन. त्या हसायच्या नाहीत, लिहायच्या. तू कड्यावरून चौघांना खाली सोडलंस, लिहिलं. तू दातांच्या डॉक्टरांना "घाबरू नका, तोंड उघडा आणि श्वास घ्या" असं सांगितलंस, तेही लिहिलं. दोन दिवस सगळं इतकं सुरळीत गेलं की मलाच धाकधूक वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगर उतरून समुद्राकडे जायचं होतं. पाच दिवसांचा कार्यक्रम मॅडमना घाई म्हणून तू तीन दिवसांत कोंबला होतास, त्यामुळे होड्या आणि भांडण दोन्ही त्याच दिवशी. उतरताना शेवटच्या वळणावर तू थांबलास, दोर माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "बाई, धरा जरा." आणि झाडीत वळलास. मी समजले ते समजले. असल्या बाबतीत मी चौकशी करत नाही.

वस्तुस्थिती अशी होती की दातांच्या डॉक्टरांनी हळूच तुझ्या कानात सांगितलं होतं, टोपी वर कातळावर राहिली. ही गोष्ट फक्त तुम्हा दोघांना ठाऊक होती, एक तू आणि एक ते. खाली गाडीपाशी आल्यावर डॉक्टरांनी पिशवीत हात घातला तर टोपी पिशवीतच. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. ते टोपी घालून खिडकीपाशी बसले.

मी धरून आठ जणांनी आठ गाठी सोडल्या. मी दोर दोनदा हातातून सरकवून बघितला, मी कामात चोख आहे. मेहुण्याने आरशातून विचारलं, "दोर मोकळा?"

"मोकळा."

"मग गाडी चालू. दाजी?"

मी मागे बघितलं. पाठीमुळे तू नेहमी शेवटच्या सीटमागे, तंबूंच्या पोत्यांवर आडवा व्हायचास. तिथे तुझं जाकीट दिसत होतं, आणि जाकिटाखालून बूट. म्हटलं, "झोपलाय." मॅडमनीही वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. डॉक्टरांच्या बायकोने स्वतःची शाल काढून त्या जाकिटावर घातली. दोन तास आम्ही सगळे कुजबुजत गेलो. त्या अबोल भावांपैकी एकाने दुसऱ्याला खिडकी हळू लावायला सांगितली. ते गेल्या चार वर्षांतलं त्यांचं पहिलं बोलणं होतं, असं नंतर कळलं.

किनाऱ्यावर सामान उतरवताना मेहुण्याने जाकीट उचललं. खाली तंबूचं पोतं. बूट जादाचे.

त्याने माझ्याकडे बघितलं.

"बाई, दाजी?"

"हळू बोल."

"दोर मोकळा होता ना?"

"होता. त्याची गाठ असते का कधी?"

आम्ही दोघं गाडीमागे उभे राहिलो. मेहुण्याने फोन लावला. पोत्यातच वाजला. मॅडम पलीकडून म्हणाल्या, "कुणाचा फोन?"

"गाठोबांचा," मी म्हटलं. "ते निसर्गात फोन बाळगत नाहीत."

मॅडमनी लिहिलं.

"आणि ते स्वतः कुठे आहेत?"

"वाऱ्याचा अंदाज घ्यायला पुढे गेलेत." आयुष्यात मी एवढ्या सहज खोटं बोलले नव्हते. तुझ्या संगतीचा परिणाम.

मेहुणा गाडी घेऊन डोंगराकडे सुटला. माझ्यापुढे सात माणसं, चार होड्या आणि समुद्र. कुणालाही पाण्यात सोडायची माझी तयारी नव्हती. तू तिथे नसताना कुणाला काही झालं असतं तर कंपनी राहिली बाजूला, मी स्वतःलाच माफ केलं नसतं. म्हणून सगळ्यांना ओळीने खडकांवर बसवलं आणि भरती-ओहोटी शिकवली. दीड तास. चंद्र, सूर्य, अंतरं, सगळं. तीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या तासाला कुणी झोपलं नाही, कारण खडक टोचत होते. मग गुडघाभर पाण्यात होड्या धरायला लावल्या आणि आळीपाळीने आत बसून वल्ही फिरवायला लावली. होडी जागेवरच. मॅडम म्हणाल्या, "आपण पुढे कधी जाणार?"

"पाणी अजून ओळखीचं झालेलं नाही," मी म्हटलं.

लिहिलं त्यांनी.

चार वाजायला आले तरी गाडी परतेना. तुझं घर किनाऱ्यापासून वीस मिनिटांवर. सगळ्यांना चालवत नेलं. तुझी बायको मशीनवर बसली होती, आठ खुर्च्या मांडलेल्या, स्वतः नवी साडी नेसलेली. तिने माझ्या मागे दारात बघितलं. मग मला डोळ्यांनी आत बोलावलं.

"कुठे आहेत?"

"डोंगरावर."

"आणि तुम्ही सगळे इथे?"

"दोर मोकळा होता," मी म्हटलं. एवढं मूर्ख वाक्य मी कुठल्याही विद्यार्थ्याकडून ऐकून घेतलं नसतं.

ती ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. मग बाहेर जाऊन मशीनवर बसली आणि एक टीप मारायला लागली. पट्टा संपला, कापड संपलं, तरी सुई चालूच. मॅडम पेन उघडून वाट बघत होत्या. डॉक्टरांची बायको माझ्या कानाशी म्हणाली, "भांडण कधी सुरू होतं? आम्ही ऐकून होतो." आणि तिथेच डॉक्टरांना आठवलं. "अरे, माझी टोपी," ते म्हणाले. "ते माझी टोपी आणायला वर गेले होते." सगळी खोली त्यांच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत राहिली.

मी मॅडमकडे बघितलं नाही.

बाहेर एक टेम्पो थांबला, कांद्याचा. मागच्या पोत्यांवरून तू उतरलास. एका पायात बूट, दुसऱ्या पायाला रुमाल बांधलेला, घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, केसांत कांद्याची टरफलं. मेहुणा वाटेत तुझ्या शेजारून गेला होता आणि तुम्ही एकमेकांना बघितलंही नव्हतं. तू दारात उभा राहिलास, मॅडमना बघितलंस, खुर्च्या बघितल्यास आणि खिशात हात घातलास. कात्रीसाठी. त्या अवस्थेतही तुला कार्यक्रमाची पडली होती.

"अहो," तुझी बायको म्हणाली, ठरल्याप्रमाणे, "माझी कात्री कुठे आहे?"

"मला काय माहीत?" तू म्हणालास, ठरल्याप्रमाणे.

मग ती उठली. "कात्री गेली खड्ड्यात. अरे, तू कुठे होतास?" सहा वर्षांत पाहुण्यांसमोर ती पहिल्यांदा तुला अरे म्हणाली. "जगाच्या गाठी मोजतोस. याची गाठ, त्याची गाठ. स्वतःची एक मारायला तुझे हात झडतात? मोठा शोधणारा. तुला कुणी शोधलं? कांदेवाल्याने?"

"पाय मुरगळला गं."

"मान मुरगळली असती तर? मी इथे साडी नेसून बसले असते. चार वाजता भांडायचंय म्हणून."

ती रडली नाही. तुझ्या पायाचा रुमाल सोडला, पाण्याची बादली आणली आणि तुझा घोटा त्यात एवढ्या जोरात बुडवला की तू ओरडलास. ती म्हणाली, "ओरड. आता ओरड. तिथे ओरडला असतास तर कुणीतरी ऐकलं असतं."

पाय बादलीत ठेवूनच तू मॅडमकडे वळलास. मला वाटलं, आता थाप मारणार. वाऱ्याचा अंदाज मी तयार करून ठेवलेलाच होता. पण तू म्हणालास, "मॅडम, मी मागे राहिलो. यांची चूक नाही. माझी गाठ नव्हती. कधीच नसते. आणि बाई मघापासून जे काही सांगत असतील, ते सगळं माझ्यासाठी खोटं सांगत असतील."

मॅडमनी पेन बंद केलं. "भरती-ओहोटीसुद्धा?"

"तेवढं खरं असेल," तू म्हणालास. "त्यातच मला शून्य मिळालं होतं."

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या, आणि लगेच थांबल्या. जाताना त्यांनी तुझ्याशी नव्हे, तुझ्या बायकोशी हात मिळवला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तुला घेतलं होतं. दोन अटी. एक, पहिली गाठ वाटाड्याची, आणि ती सगळ्यांत शेवटी सुटेल. दोन, घरगुती भांडणाचा कार्यक्रम बंद. पाहुण्यांना स्थानिक जीवन म्हणून किनाऱ्यावर बाईंचं व्याख्यान ठेवावं. तुझी बायको म्हणाली, "सुटले." मी मात्र अडकले. सत्तरी उलटेपर्यंत दर आठवड्याला खडकांवर उभी राहून मी चंद्र समजावत होते.

कंपनीने तुला नवा दोर दिला, नायलॉनचा, भगभगीत पिवळा. त्यात तू पहिली गाठ मारायचास, सगळ्यांना दाखवून, एखाद्या मंत्र्यासारखी. पण तो दोर तुला आवडला नाही. "बाई, याची गाठ आपोआप सैल होते. हाताला कळतच नाही मारली की नाही." तुला जुना हवा होता. जुना माझ्याकडे होता. त्या दिवशी धावपळीत मी तो माझ्या पिशवीत कोंबला आणि तसाच घरी आणला.

"बाई, तेवढा आणून द्या."

"तुला पाय आहेत. येऊन ने."

"तुम्ही नेलात, तुम्ही आणा. त्यात मला एक गाठ मारायची राहिलीय."

"तुझा घोटा बरा होऊन वर्ष झालं. तू ये."

असं पाच वर्षं. माझं घर तुझ्या गॅरेजपासून दोन गल्ल्या. तू रोज माझ्या दारावरून जायचास, हात करायचास. मी रोज गॅरेजवरून भाजी आणायला जायचे, हात करायचे. मागच्या महिन्यात, सोमवारी, तू खिडकीतून म्हणालास, "गुरुवारी येतो. नक्की." मी म्हटलं, "बघू." बुधवारी तुझ्या बायकोने सुई काढली.

दोर स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला आहे. काल तिला म्हटलं, घेऊन जा. ती म्हणाली, "त्यांचं आणि तुमचं काय ते तुम्ही बघा."